गुरुवारी बंद पडणारी गाडी

टाउनोची स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरून पळणारी गाडी, हिल्काच्या अंगणात पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा त्यात कसलीही लबाडी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं ते झाल्यापासून तळ्याच्या दोन्ही काठांवरची माणसं तेवढंसुद्धा कबूल करायला तयार नाहीत.

जानेवारी महिना होता. दर गुरुवारी सकाळी टाउनो बर्फाखालची जाळी ओढायचा आणि निघालेल्या माशांपैकी निम्मे, गोठलेलं तळं ओलांडून, हिल्काला नेऊन द्यायचा. जाळी मुळात त्याची आणि हिल्काच्या नवऱ्याची, एमेलीची, भागीतली. एमेलीला जाऊन तीन हिवाळे लोटले होते, पण भागी मोडायचं टाउनोला सुचलं नाही आणि हिल्कानंही विषय काढला नाही. तिन्ही हिवाळे एकच कार्यक्रम चालला. गाडी अंगणात उभी, इंजिन चालू, टाउनो सीटवर, हिल्का पायरीवर परात घेऊन. मासे परातीत पडायचे. तो म्हणायचा, थंडी आहे. ती म्हणायची, आहे. मग तो अंगठ्यानं रेस दाबून निघून जायचा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत फारसं कुणाशी बोलायचा नाही. एकटाच राहायचा. लग्न राहून गेलं होतं. ठरवून नव्हे, कुणाला विचारायचंच राहिलं म्हणून.

आता इंजिन चालू ठेवण्याची गोष्ट. त्या काठांवर कुणाच्या अंगणात गाडी चालू ठेवून थांबलं की माणूस कामापुरता आलाय, आणि बंद केली की पाहुणा. पाहुण्याला कॉफी द्यावी लागते आणि पाहुण्याला ती प्यावी लागते, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. ‘आत या’ असं कुणी म्हणत नाही, कारण ती समोरच्यावर जबरदस्ती. ‘येऊ का’ असंही कुणी विचारत नाही, कारण ते पदर पसरण्यातच जमा. जे काय बोलायचं ते इंजिन बोलतं, आणि थंड हवेत ते या काठावरून त्या काठाला स्वच्छ ऐकू येतं. कुणाची गाडी कुणाच्या दारात गेली, चालू राहिली की बंद झाली, बंद झाली तर किती वेळ, हे लोकांना खिडकीपाशी न जाताही कळतं. जातात ते निव्वळ खात्री करून घ्यायला.

त्यातून एकट्या पुरुषानं एकट्या बाईच्या अंगणात इंजिन बंद करायचं, म्हणजे चर्चमध्ये लग्नाची घोषणा करण्याच्या जेमतेम एक पायरी अलीकडची गोष्ट. टाउनोच्या अंगात तेवढी धमक असती तर तो इतकी वर्षं बिनलग्नाचा राहिलाच नसता.

तर त्या गुरुवारी त्यानं नेहमीसारखी रेस सोडली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्यानं दोरी ओढली, इंजिन लागलं. रेस दाबून धरली तोवर ठीक, सोडली की पुन्हा गप्प. हिल्का पायरीवर उभी राहून हे बघत होती. तिसऱ्यांदा गाडी बंद पडल्यावर ती काही न बोलता आत गेली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाउनोला दिसलं की तिनं कॉफीची किटली चुलीवर ठेवली. झालं. आता सुटका नव्हती.

रीतीप्रमाणे त्यानं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा कप पुढे केला. वेलदोड्याचे गोड पाव होते, कॉफीत बुडवायला भाजलेल्या चीजचे तुकडे होते. हिल्कानं आयुष्यभर टपालाची आणि शाळेची बस चालवली होती, त्यामुळे दोन्ही काठांवरच्या प्रत्येक माणसाच्या लहानपणाची खोड तिला पाठ होती. आज चर्चच्या समितीवर मिरवणारा माणूस एकेकाळी बसमध्ये कुठल्या सीटखाली लपायचा आणि का, हे तिनं इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की टाउनोच्या नाकातून कॉफी आली. त्याला स्वतःच्या हसण्याचं नवल वाटलं. तो आवाज त्यानं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

परत जाताना तो सबंध तळं रेस दाबून ओलांडत होता आणि आपण काय काय बोललो ते आठवत होता. आठवड्याचा सगळा साठा त्यानं एका तासात उधळला होता. घरी पोहोचेपर्यंत त्याच्या मनात भलतंच समाधान भरलं होतं, आणि ते कशाचं हे त्याला नीट कळत नव्हतं.

मग त्यानं काय करावं? गाडी दुरुस्त केली.

त्याचाही नाइलाज होता. दोन्ही काठांवरच्या गाड्या, होड्यांची इंजिनं, लाकूड कापायच्या करवती सगळ्या टाउनोच्याच हाताखालून जायच्या. रेसवर कुठलंही इंजिन पळतं, रेस सोडल्यावर स्लोवर शांत टिकेल ते खरं, असं तो प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवायचा. स्वतःची गाडी स्लोवर टिकत नाही म्हणजे त्याच्या नाकाचा प्रश्न होता. त्यानं कार्बोरेटर काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर उघडला. तळाशी जुन्या पेट्रोलचा चिकट, मधासारखा थर साचला होता. स्लोचं पेट्रोल ज्यातून येतं त्या छोट्या जेटचं भोक केसाएवढं असतं, ते पार बुजलं होतं. तार घालून भोक मोठं करण्याचा अडाणीपणा त्यानं केला नाही. स्पिरिटमध्ये जेट भिजत ठेवला, ब्रशचा एक ताठ केस काढून त्यानं भोक मोकळं केलं, उजेडाकडे धरून पाहिलं, फुंकर मारली. जोडून झाल्यावर गाडी अशी टुकटुकत राहिली की टाउनो बराच वेळ तिच्याशेजारी नुसताच उभा राहिला.

पुढच्या गुरुवारी तो ऐटीत हिल्काच्या अंगणात शिरला आणि रेस सोडली. इंजिन टुकटुकत राहिलं. हिल्का परात घेऊन आली. मासे परातीत पडले. तो म्हणाला, थंडी आहे. ती म्हणाली, आहे. इंजिन चालूच होतं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण आपल्याच हातानं आपली कॉफी बंद करून घेतली आहे.

तो आठवडा त्याला मोठा वाईट गेला. जेवताना समोरच्या खुर्चीकडे नजर जायची. रेडिओ लावला की त्यातला माणूस आपलाच बोलत राहायचा, टाउनोला काही विचारायचा नाही. एकटेपणाची त्याला इतकी सवय होती की आजवर तो त्याला कधी बोचला नव्हता, आणि आता एका तासाच्या कॉफीनं तो बोचायला लागला होता.

तळ्याच्या मध्यावर झुडपांनी भरलेलं एक छोटं बेट आहे. बेटाच्या मागच्या बाजूला कुठल्याच काठावरून काही दिसत नाही. त्यापुढच्या गुरुवारी टाउनो तिथे थांबला, बर्फात गुडघे टेकले, गाडीचं झाकण उचललं आणि स्लोचा स्क्रू थोडासा मागे फिरवला. फार नाही. रेसवर पळेल आणि सोडली की मरेल, एवढाच. असलं नाजूक काम दोन्ही काठांवर दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. गाडी हिल्काच्या अंगणात शिरली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. हिल्का आत गेली आणि किटली चुलीवर चढली. टाउनोनं कपाळाला आठ्या घालून इंजिनाकडे बघितलं आणि मान हलवली. त्याला ते सोंग इतकं छान वठलं की त्याचं त्यालाच जरा वाईट वाटलं.

फेब्रुवारी असाच गेला आणि मार्चही. येताना बेटामागे स्क्रू मागे, जाताना बेटामागे स्क्रू पुढे. घरी गाडी टुकटुकायची, हिल्काच्या दारात मरायची.

गावात एकच पेट्रोलपंप, आणि त्याच्या आतल्या कॉफीच्या टेबलावर सकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. तिथे टाउनोच्या गाडीचा आजार हा हिवाळ्यातला मुख्य विषय होऊन बसला. गुरुवारी पलीकडच्या काठावर इंजिन बंद पडतं आणि तासभर बंदच राहतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. एकाचं मत पडलं की टाकीत दमट हवेचं पाणी होऊन गोठत असणार, पेट्रोलमध्ये स्पिरिट घाल. दुसरा म्हणाला, कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर चिरलं असेल, चालू इंजिनावर तिथे स्प्रे मारून बघ, आवाज चढला तर तिथूनच चोरटी हवा आत जातेय. तिसऱ्यानं प्लगचा रंग विचारला. सल्ले सगळे शहाणपणाचे होते आणि टाउनोला ते सगळे मान खाली घालून ऐकून घ्यावे लागले. ज्यांना त्यानं आयुष्यभर अक्कल शिकवली तेच आता त्याला समजावून सांगत होते की बाबा, चोक अर्धा ओढलेला राहिला की असं होतं. त्यानं स्पिरिटची बाटली विकत घेतली आणि सगळ्यांदेखत टाकीत ओतली.

एके दिवशी कट्टा उठून त्याच्या अंगणातच आला. झाकण उघडलं, दोरी ओढली, आणि गाडी टुकटुकत राहिली. सगळे गोल करून उभे राहिले आणि गाडी काही केल्या मरेना.

टाउनोचा चुलतभाऊ कालेर्वो त्यात होता. कालेर्वो कुणाची खोडी काढायची संधी सोडत नाही, आणि टाउनोची तर नाहीच नाही. तो म्हणाला की हिला बहुतेक त्या काठाची हवा मानवत नाही. कुणीतरी उलट म्हणालं की हिल्काचं अंगण उतरतं आहे, गाडी तिरकी उभी राहते, त्यामुळे कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट कलून पेट्रोल कमी पडत असेल. यावर मोठी चर्चा झाली. अंगणाचा उतार किती, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला असतं, सगळं बोलून झालं. टाउनोनं उताराच्या कल्पनेला इतक्या पटकन होकार दिला की कालेर्वोनं एक भुवई वर केली.

सगळे गेल्यावर कालेर्वो मागे रेंगाळला.

“काल बेटाकडे गेलो होतो मासे बघायला,” तो म्हणाला. “मागच्या बाजूला कुणाच्या तरी गाडीचे माग आहेत. दर वेळी एकाच जागी थांबलेले. आणि शेजारी गुडघ्यांचे ठसे.”

टाउनो हातमोजा झटकत राहिला.

“देवाधर्माला लागलास की काय लेका? लागला असलास तर चांगलं आहे. पण चर्च इतकं जवळ असताना बर्फात कशाला गुडघे गारठवतोस?”

टाउनो म्हणाला की त्याला काम आहे. कालेर्वो म्हणाला, ते तर दिसतंच आहे, आणि गेला. मात्र कट्ट्यावर त्यानं गुडघ्यांचा विषय काढला नाही. खोडी काढणाऱ्या माणसालाही कुठे थांबायचं ते कळतं, निदान कालेर्वोला तरी कळायचं.

आणि इकडे हिल्काच्या मनात वेगळंच चाललं होतं, ते टाउनोला कळायला मार्ग नव्हता. ती काय पाहत होती? हा माणूस आत येतो, खुर्चीच्या अगदी कडेला बसतो. अंगावरचं जाडजूड जाकीट काढत नाही, टोपी गुडघ्यावर ठेवतो. मध्येच छान हसतो, आणि हसता हसता नजर खिडकीबाहेर गाडीकडे जाते. चोराची नजर चोरलेल्या मालाकडे जावी तशी ती जात होती, पण हिल्काला वाटलं याला घरी जायची घाई आहे. बिचारा गाडी बंद पडल्यामुळे रीतीला बांधला जातो. उठून जाता येत नाही, म्हणून बसतो. जाळ्यातला अर्धा वाटा आणून देण्याचे उपकार करतो तो करतोच, वर दर वेळी तासभर अडकून पडतो. तिला शरम वाटायला लागली. बाई कामाची होती. शरम वाटली की ती नुसती वाटून घेत बसत नसे, काहीतरी करून मोकळी होत असे.

एप्रिलच्या सुरुवातीच्या एका गुरुवारी कॉफी झाल्यावर तिनं टेबलावर एक खोका ठेवला. आत कार्बोरेटर होता. जुनाच, पण लखलखीत साफ केलेला, आणि त्याच्याबरोबर रबराचा नवा जोड. तिचा पुतण्या शहरात गाड्यांची कामं करायचा. भंगारात निघालेल्या अगदी तसल्याच एका गाडीचा हा कार्बोरेटर त्यानं तिच्या सांगण्यावरून शोधून, तपासून, चालवून बघून पाठवला होता.

“बसवा हा,” हिल्का म्हणाली. “म्हणजे दर गुरुवारी तुम्हाला इथे अडकून पडायला नको.”

टाउनो खोक्याकडे बघत राहिला. इतक्या सभ्यपणे आजवर कुणी कुणाला दाराबाहेर काढलं नसेल, असं त्याला वाटलं. तिला सगळं कळलंय, तिला कंटाळा आलाय, आणि ओरडून सांगण्याऐवजी तिनं ते कार्बोरेटरच्या रूपानं हातात ठेवलंय. तो फार उपकार झाले म्हणाला. ती म्हणाली, उपकार कसले. दोघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे न बघता खोक्याकडे बघून बोलली.

दिलेली वस्तू घ्यायची आणि वापरायची, यात मागेपुढे करायची सोय त्या काठांवर नाही. टाउनोनं कार्बोरेटर बसवला. गाडी लागली आणि स्लोवर अशी टिकली की नवी असतानाही टिकली नसेल. त्याच्या लक्षात आलं की आता बेटामागे थांबून उपयोग नाही. हिल्कानं दिलेला कार्बोरेटर हिल्काच्याच अंगणात मेला, तर तिची भेट खोटी ठरली, तिच्या पुतण्याचं नाव गेलं. माणसानं कितीही लबाडी करावी, पण याच्या पुढची नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी गाडी तिच्या अंगणात टुकटुकत उभी राहिली. मासे परातीत पडले.

“छान चालतेय,” हिल्का म्हणाली.

“चालतेय,” टाउनो म्हणाला, आणि गेला.

पुढच्या गुरुवारीही तेच. तो आता कट्ट्यावरही जाईना. तिथे त्याच्या गाडीचा आजार बरा झाल्याचं सगळ्यांनी कान देऊन ऐकलं होतं, कार्बोरेटर कुणी दिला तेही कळलं होतं, आणि त्याला अभिनंदन नको होतं. अंगणातल्या लाकडांचा ढीग त्यानं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपाशी हलवला. त्याची काही गरज नव्हती. संध्याकाळी तो वाटाण्याचं सूप गरम करायचा आणि निम्मं तसंच ठेवायचा. त्याला हिल्काची आठवण येत होती, सरळ सांगायचं तर एवढंच होतं. एका तळ्यापलीकडे राहणाऱ्या, दर गुरुवारी दिसणाऱ्या बाईची आठवण येणं हा मूर्खपणा आहे हे त्याला कळत होतं, तरी येत होती.

अशात कालेर्वो आला. टाउनो शेडमध्ये कुणाच्या तरी करवतीची साखळी घासत होता. कालेर्वोनं बसायला डबा ओढला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की तुझ्या गाडीची तब्येत सुधारली आणि तुझी ढासळली, कार्बोरेटर तुलाच बसवायला हवा होता. टाउनो हसला नाही. मग कालेर्वोनंही सूर बदलला.

“दुकानात हिल्का भेटली होती,” तो म्हणाला. “मी म्हटलं, टाउनोची गाडी काय सुरेख चालते आता. तर म्हणाली, बरं झालं, बिचारा किती अडकून पडायचा. अंगावरचं जाकीटसुद्धा काढायचा नाही, कधी एकदा सुटतो असं व्हायचं त्याला. आता कसा मोकळा झालाय. सीटवरून उतरतसुद्धा नाही.”

साखळी घासणं थांबलं.

“चेष्टेनं म्हणाली?” टाउनोनं विचारलं.

“नाही ना. चेष्टेनं म्हणाली असती तर मी आलोच नसतो. पावासाठी पीठ घ्यायला आली होती, ते तसंच काउंटरवर विसरून गेली. मी नेऊन दिलं तिच्या घरी.”

टाउनोनं कानस खाली ठेवली. मग म्हणाला की जाकीट तो काढायचा नाही, कारण आतला स्वेटर कोपरावर फाटलेला आहे.

कालेर्वोनं त्याच्याकडे पाहिलं. चेष्टेला यापेक्षा चांगली जागा त्याला आयुष्यात मिळाली नसती. पण त्यानं फक्त डोक्यावरची टोपी मागे सारली, उठला, आणि जाता जाता म्हणाला की तळ्याचा बर्फ राखाडी पडायला लागलाय, काठाला पाणी सुटलंय, अजून एखादा गुरुवार मिळेल, फार तर.

तो एक गुरुवार टाउनोनं वाया घालवायचा नाही असं ठरवलं. वाक्यही ठरवलं. ‘मला तुमच्याकडे बसायला आवडतं.’ वाक्य लहान होतं, सरळ होतं. जाळी कायमची वर काढताना, म्हणजे त्या मोसमापुरती, तो ते वाक्य बर्फातल्या भोकाशी म्हणून बघत होता. भोकाशी ते व्यवस्थित म्हणता येत होतं.

तळ्यावर जागोजागी पाण्याची डबकी साठली होती. तो मधल्या घट्ट वाटेनं गेला. बेटापाशी सवयीनं त्याचा अंगठा रेसवरून सुटू पाहत होता, पण तो थांबला नाही. हिल्काच्या अंगणात गाडी उभी राहिली, त्यानं रेस सोडली आणि इंजिन टुकटुकत राहिलं. अगदी एकसारखं. असा स्लो सेट करणाऱ्याला टाउनोनं एरवी शाबासकी दिली असती.

हिल्का परात घेऊन पायरीवर आली. मासे परातीत पडले. आता वाक्य.

वाक्य आलं नाही. घशापर्यंत आलं आणि तिथे गाडीसारखं बंद पडलं. बरं, थंडी आहे म्हणावं तर तीही सोय नव्हती, छपरावरून पागोळ्या गळत होत्या. हिल्का वाट बघत उभी होती, किंवा नुसतीच उभी होती. मग तिनं परात दोन्ही हातांत घट्ट धरली आणि म्हणाली की छान चालतेय.

टाउनोनं हात पुढे केला आणि इंजिन बंद करायची किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. इतका वेळ त्या आवाजाखाली दबलेलं सगळं ऐकू यायला लागलं, पागोळ्या, काठाला हलणारं पाणी. पलीकडच्या काठावर कुणीतरी दार उघडलं, आणि ते पुन्हा लावल्याचा आवाज काही आला नाही.

हिल्काचा चेहरा उतरला. “बंद पडली? पुतण्या तर म्हणाला होता...”

“नाही,” टाउनो म्हणाला. “पडली नाही. मी बंद केली.”

ती किल्लीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

“आधीही मीच करायचो,” तो म्हणाला. आता सुरुवात झालीच होती. “पहिल्यांदा आपोआप पडली, ते खरं. पण नंतर दर वेळी मीच. तिकडे, बेटामागे. स्क्रू फिरवून.”

टाउनोला वाटलं, आता तळ्याला मधोमध मोठी भेग पडावी आणि त्यात आपण गाडीसकट गडप व्हावं.

“सगळा हिवाळा?” तिनं विचारलं.

“सगळा.”

“आणि त्या बेटामागे एवढ्या थंडीत हातमोजे काढून?”

“हातमोज्यांनी तो स्क्रू फिरत नाही.”

ती खाली बघायला लागली. तिच्या परातीतले मासे हलत होते, म्हणजे परात हलत होती. ती हसत होती की आणखी काही, हे टाउनोला कळेना. तिनं मान वर केली तेव्हा डोळे ओले होते आणि तोंड हसत होतं, दोन्ही एकदम.

“मला वाटलं तुम्हाला जायची घाई असते,” ती म्हणाली.

“मला वाटलं मी नको झालोय.”

“पलीकडे सगळ्यांनी ऐकलं असेल.”

“ऐकू दे.”

टाउनो सीटवरून उतरला. तिनं त्याच्या हातात द्यायला परात पुढे केली, कारण तिला दार उघडायचं होतं, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून ती थांबली.

“पुढच्या गुरुवारी बर्फ नसेल,” ती म्हणाली. “आणि जाळीही नाही.”

“रस्त्यानं येईन.”

“रस्त्यानं सगळ्या तळ्याला वळसा आहे. निम्मा दिवस जातो. मी बस चालवलीय तिथे, मला माहीत आहे.”

“जाऊ दे,” टाउनो म्हणाला. “मला कुठे परत जायची घाई असते?”